पूर्ण काळोखात हरवलेली रेघ

१

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या प्रयोगशाळेतून एक रेघ चोरीला गेल्याचं उघडकीला आलं.

हसू नका. कोणाचं पाकीट गेलं असतं तर एवढी बोंब झाली नसती. त्या रेघेवर एका मुलीची चार वर्षं उभी होती, आणि आमच्या प्रमुख सरांनी त्या रेघेची बातमी जगभरच्या शास्त्रज्ञांना कळवूनही टाकली होती.

आधी मी कोण ते सांगते. मला सगळे काचबाई म्हणतात. संस्थेच्या तळमजल्यावर माझं काचकाम चालतं. सत्तावीस वर्षं मी ज्योतीपुढे बसून काच वितळवते, फुंकते, जोडते. या इमारतीत जिथे जिथे हवा काढून घेतलेली पोकळी आहे, ती माझ्या काचेत आहे. माझे वडील तात्या, तेही काचवालेच. बढाई मारायची तर कामाची मारावी हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि मी ती भरपूर मारते.

रेघ दिसायची ते यंत्र दुसऱ्या मजल्यावर आहे. लांब टेबलाच्या एका टोकाला लेसर. त्याचा उजेड पहिल्या पोलरायझरमधून जातो तेव्हा त्याच्या लाटांची थरथर एकाच दिशेची उरते. खिडकीच्या गजांतून पुठ्ठा सरकवायचा तर तो गजांच्या दिशेनंच धरावा लागतो, तसं. मग तो उजेड माझ्या काचनळीत शिरतो. नळीत एक तांबूस वायू. पलीकडे दुसरा पोलरायझर, पहिल्याला बरोबर आडवा लावलेला, म्हणजे उजेडाची वाट बंद. पुढे नुसता काळोख.

आता नळीवर मायक्रोवेव्ह सोडायच्या. वायूचे रेणू भिंगऱ्यांसारखे फिरत असतात. मायक्रोवेव्हचा ताल त्यांच्या फिरण्याशी नेमका जुळला की ते उजेडाची थरथर किंचित पिळतात, आणि तेवढा उजेड दुसऱ्या पोलरायझरमधून निसटतो. या उजेडाची नोंद करणारं, कागदाच्या पट्टीवर सरळ चालणारं पेन त्या क्षणी उडी मारतं. त्या उडीला आम्ही रेघ म्हणतो. एकट्या उजेडाला किंवा एकट्या मायक्रोवेव्हना जो रेणू गर्दीतून निवडता येत नाही, तो दोघं मिळून बरोबर हुडकतात.

नळी अर्थात माझ्या हातची. दोन्ही टोकांना खिडक्या, पाण्यासारख्या नितळ. डाव्या खिडकीच्या कडेला सुरुवातीला जरासा ताण राहिला होता, तो मी मागाहून भट्टीत तापवून, हळूहळू निववून काढून टाकला. असल्या गोष्टींची वाच्यता कोणी करत नाही.

आणि हे सगळं मला समजावलं ते टाचणीनं. संशोधन करणारी मुलगी, अंगानं टाचणी आणि बोलण्यानंही टाचणी. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "मावशी, मला नळी फुंकायला शिकवा. ज्यातून बघायचं ते कसं बनतं ते कळायला नको?" तिच्याआधी वर शिकलेल्या एकानंही मला हे विचारलं नव्हतं.

तीन आठवडे तिनं ती रेघ रोज पाहिली. मग आईच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस घरी गेली. सोमवारी परत आली, यंत्र चालू केलं, आणि पेन सरळ चालत राहिलं. दुपारपर्यंत तिनं चौदा वेळा पाहिलं. चौदाही वेळा सरळ.

संध्याकाळी सरांनी मला बोलावून दार लावून घेतलं.

"काचबाई, शुक्रवारी बाहेरच्या परीक्षक येताहेत. त्यांच्यापुढे रेघ दिसली नाही तर मला बातमी मागे घ्यावी लागेल."

"आणि टाचणीचं काय?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रेघ होती हे फक्त तिच्या कागदांवर आहे. त्या तीन आठवड्यांत मी परदेशी होतो. लोक काय म्हणतील ते मला सांगावं लागतंय का? सगळे तुमच्याकडे चहाला येतात. तुम्ही विचारा. कोणी काही केलं असेल तर मला गुरुवारपर्यंत कळू द्या."

"आणि कोणी काही केलं नसेल तर?"

"मग तिनंच केलं होतं," सर म्हणाले.

२

दहा दिवस टाचणी नव्हती. त्या दहा दिवसांत त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते मोजके. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: या दहा दिवसांत तू यंत्राला काय केलंस?

पहिला भोंगा. मायक्रोवेव्हचा कारागीर. नळीवर मायक्रोवेव्ह सोडणारं पितळी तोंड भोंग्यासारखं असतं म्हणून हे नाव, आणि त्याचा आवाज ऐकला की दुसरं कारण विचारावं लागत नाही.

"मी? मी भोंगा बदलला!" तो तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला. "जुन्याला पोचा आला होता. नवीन स्वतः वळवलाय, आतून आरशासारखा. हात फिरवून बघा, काचबाई. असा भोंगा या शहरात कोणाकडे असेल तर मी नोकरी सोडतो."

"आणि त्यानंच रेघ गेली असेल तर?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं नट सोडवायचे पाने उचलले आणि माझ्यासमोर जुना, पोचा आलेला भोंगा परत बसवला. आम्ही तासभर पट्टीकडे बघत बसलो. पेन सरळच चाललं. भोंग्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की पट्टी हलली.

दुसरा काळोखे. हे त्याचं आडनाव नाही. लेसर आणि पोलरायझर त्याच्याकडे, आणि दुसऱ्या पोलरायझरच्या पलीकडे किती गडद काळोख पाडता येतो यावर त्याची मिशी वर-खाली होते. रोज सकाळी तो बारीक चावी फिरवून सगळ्यात गडद जागा शोधतो, आणि तरीही जो उजेड झिरपतो त्याचा आकडा टाचणीला सांगतो. तो आकडा ती वहीत लिहिते.

"काय केलं म्हणजे?" काळोखे मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "सुधारणा केली. पूर्वी अडतीसच्या खाली येत नव्हतं. आता बघा, दोन! दोन म्हणजे गुहा, काचबाई. इतका काळोख मी आयुष्यात पाडला नव्हता."

"कसं जमवलंत?"

"पहिला पोलरायझर काढून पुन्हा बसवला. हात लागतो त्याला, हात."

मी त्याचं अभिनंदन केलं. काळोख जितका गडद तितकी रेघ उठून दिसणार, हे मलाही समजत होतं. म्हणजे हाही सुटला. दोघांनीही यंत्र आणखी चांगलंच करून ठेवलं होतं. मग बिघडवलं कोणी?

जाताना काळोखे दबक्या आवाजात म्हणाला, "त्या दिवसांत मी एकाला तिथून बाहेर पडताना पाहिलंय. सरांच्या भाच्याला."

३

सरांचा भाचा टाचणीबरोबरच लागला होता. त्याच्या हाती अजून काही लागलं नव्हतं. टाचणीचं टेबल रिकामं झालं तर ते त्याला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर तो पहिल्यापासून आवडत नसे, त्यामुळे त्याला विचारायला जाताना माझी पावलं जरा जास्तच उत्साहानं पडत होती.

मंगळवारी दुपारी तो ग्रंथालयात सापडला. मी समोर बसले आणि बसूनच राहिले. हा उपाय कधी फसत नाही.

"मी तिचं यंत्र चालवलं," तो शेवटी म्हणाला. "बुधवारी. ती नसताना. मला ती रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती."

"आणि?"

"नव्हती. तेव्हाच नव्हती, काचबाई. मी काही हलवलं नाही, शपथ घेतो. नुसतं चालू केलं आणि बंद केलं."

"मग मूग गिळून का बसलास? आठवडाभर?"

त्याचे कान लाल झाले. "कारण मला बरं वाटलं. ती खोटी आहे असं वाटून बरं वाटलं. ते कोणाला सांगू?"

अशी लाजत दिलेली कबुली खोटी नसते. माझा आवडता संशयित माझ्या हातातून गेला, पण एक गोष्ट देऊन गेला. टाचणीनं शेवटची रेघ पाहिली गुरुवारी. पुढच्या बुधवारी ती नव्हती. भोंगा बदलला होता त्यानंतरच्या शुक्रवारी. म्हणजे चोरी त्या पाच दिवसांत झाली.

किंवा झालीच नव्हती, आणि पोरगी खोटं बोलत होती. खरं सांगते, त्या संध्याकाळी जिना उतरताना हा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

४

बुधवारी टाचणी माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ. तिनं वही माझ्यापुढे ठेवली.

"मावशी, तुम्ही सगळ्यांची उलटतपासणी घेतलीत. माझी नाही घेतली. घ्या."

"तुझी कशाला?"

"मीच पहिली संशयित आहे. मला वगळलंत तर तुमच्या निकालाला कोण विचारील?"

मग मी घेतली, आणि चांगली कडक घेतली. वहीचं पान न् पान पाहिलं. कुठे खाडाखोड नाही, फाडलेलं पान नाही. रोजचा वायूचा दाब, खोलीचं तापमान, आणि काळोख्यानं सांगितलेला झिरपत्या उजेडाचा आकडा: अडतीस, चाळीस, अडतीस, एकोणचाळीस. रेघ सापडण्याआधीचे, काहीच न दिसलेले चार दिवससुद्धा तिनं नीट लिहून ठेवले होते. खोटं लिहिणारा माणूस स्वतःच्या फजितीचे चार दिवस कशाला लिहील? मला कालच्या जिन्यावरल्या विचाराची लाज वाटली.

सोमवारच्या पानावर आकडा होता दोन.

"एकदम अडतीसवरून दोन," मी म्हणाले. "काळोख्यानं पहिला पोलरायझर पुन्हा बसवला म्हणे."

टाचणीनं कपाळाला आठी घातली. "शक्य नाही. चला दाखवते."

वर गेलो. काळोख्याची एक सवय आहे: एकदा जुळवलेला स्क्रू हलू नये म्हणून तो त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब लावतो. बायकोची बाटली पळवतो म्हणून आम्ही त्याला चिडवतो. पहिल्या पोलरायझरच्या चारही स्क्रूंवर तो थेंब जसाच्या तसा होता, एक चीरही नाही, आणि वर महिन्याची धूळ.

मी काळोख्याला तिथेच बोलावलं आणि बोटानं थेंब दाखवला. त्याची मिशी हळूहळू खाली आली.

"नाही केलं मी काही," तो पुटपुटला. "एका सकाळी चावी फिरवली आणि काळोख आपोआप गडद झाला. मला वाटलं, हात बसला. लोक वाहवा करायला लागले, मग... तुम्ही नसतं घेतलं श्रेय?"

बोलणं खरं होतं. पण डोक्यात चक्र सुरू झालं. काळोख वाढला होता, आणि काळोख्यानं तो वाढवला नव्हता.

५

माझी सकाळची न्याहारी तात्यांबरोबर होते. आता त्यांना दिसत नाही, पण रोज मी काय बनवलं ते हातात घेऊन बोटांनी तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गुरुवारी मी त्यांना सगळी हकीकत सांगितली: भोंग्याचा भोंगा, काळोख्याचं खोटं श्रेय, भाच्याची लाज.

तात्या ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तिघांना विचारलंस. तिघांनी सांगितलं. किल्ली किती जणांकडे आहे?"

"चौघांकडे. काळोखे, भोंगा, भाचा आणि..."

माझा हात बशीतच राहिला.

"आणि तू गं?" तात्या म्हणाले. "तू काय केलंस त्या दहा दिवसांत?"

मी काय केलं होतं? टाचणी गेली त्याच शुक्रवारी चहाच्या वेळी काळोखे कुरकुरत होता, अडतीसच्या खाली येतच नाही, काचेत ताण असणार. माझ्या काचेत! सगळ्यांदेखत! शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी एकटी वर गेले, नळी सोडवली, खाली आणली. डाव्या खिडकीच्या कडेला ताण होता खरा. रात्रभर भट्टीत ठेवून तिला हळूहळू निववली, रविवारी परत बसवली, वायू होता तसा भरून ठेवला. आणि कोणाला सांगितलं नाही, कारण सांगणं म्हणजे ताण होता हे कबूल करणं.

"पण तात्या, मी तर दोष काढला! ताणलेली काच उजेड पिळते, म्हणून तो झिरपत होता. मी तो झिरपा बंद केला."

"मग त्या पोरीला विचार," तात्या शांतपणे म्हणाले, "की तिला तो झिरपा लागत होता का."

६

सरांच्या खोलीत मी सगळ्यांना बोलावलं.

"चोर सापडला," मी म्हणाले. "मी आहे."

आणि सगळं सांगितलं. ताणासकट, शनिवारसकट, लपवाछपवीसकट.

टाचणी मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती फळ्याकडे गेली आणि खडू उचलला.

"रेणूंनी पिळलेली लाट समजा एक. एवढीशी. पण डोळ्याला किंवा यंत्राला लाट दिसत नाही, लाटेचा वर्ग दिसतो. पूर्ण काळोखात एकाचा वर्ग एक. एवढा उजेड पेनाला कळतसुद्धा नाही." तिनं दुसरी ओळ लिहिली. "आता मावशींच्या खिडकीतून आधीच शंभराची लाट झिरपतेय. शंभराचा वर्ग दहा हजार. त्यात एक मिळाला: एकशे एकाचा वर्ग दहा हजार दोनशे एक. फरक किती?"

"दोनशे एक," भाचा नकळत म्हणाला.

"त्याच रेणूंचे. एकाच्या जागी दोनशे एक. काळोख परिपूर्ण झाला आणि माझी रेघ त्यात बुडाली."

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो!"

"आणि मी पूर्ण काळोखाची वाहवा मिळवत फिरतोय," काळोखे म्हणाला. "माझा पोलरायझर केसभर वाकडा केला तरी झिरपेल की."

शुक्रवारी परीक्षक आल्या. कडक इस्त्रीची बाई, हातात पेन्सिल. काळोखे चावी वाकडी करायला पुढे झाला, तेवढ्यात मी म्हणाले, "थांबा. माझ्या काचेनं घेतलं, माझ्या काचेलाच देऊ द्या."

मी डाव्या खिडकीच्या कडेवर, उजेडाच्या वाटेपासून दूर, अंगठा घट्ट दाबून धरला. दाबलेल्या, ऊब लागलेल्या काचेत ताण येतो, हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. काळोख्यानं आकडा वाचला: दोन, नऊ, एकवीस, चौतीस. भोंग्यानं मायक्रोवेव्हचा ताल हळूहळू वाढवत नेला. पेन सरळ चाललं, सरळ चाललं, आणि ठरलेल्या जागी उडी मारून उभं राहिलं.

भोंगा ओरडला. सरांनी डोळे पुसले. भाच्यानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या. पोरगी सुटली होती.

पण टाचणी हसली नाही.

"मावशी, अंगठा तसाच ठेवा. भोंगाकाका, मायक्रोवेव्ह बंद करा."

सर म्हणाले, "अगं, कशाला? दिसली ना रेघ?"

"दिसली. पण ती रेणूंची आहे की अंगठ्याची, हे अजून कोणाला माहीत आहे?" तिनं वही उघडून धरली. "अंगठ्याची असेल तर मी आजच घरी जाईन."

भोंग्यानं बटण बंद केलं. माझा अंगठा बधिर झाला होता, श्वाससुद्धा मी बेतानं घेत होते. आकडा चौतीसच होता, उजेड झिरपतच होता, आणि पेन त्या जागेवरून सरळ, शांत चालत गेलं. पुन्हा मायक्रोवेव्ह चालू. पुन्हा तीच जागा, तीच उडी.

परीक्षकबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मी हेच सांगणार होते," त्या म्हणाल्या. "मला सांगावं लागलं नाही."

अभिमान म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे असं मला वाटायचं. नितळ काच, घट्ट जोड, कोणी नाव ठेवू नये असं काम. त्या क्षणी, बधिर अंगठा घेऊन त्या पोरीकडे बघताना, माझं मन इतकं भरून आलं की आजवरच्या सगळ्या नळ्या मला त्यापुढे किरकोळ वाटल्या. सगळे तिला सोडवायला निघाले होते, आणि तिनं स्वतःला सुटू दिलं नव्हतं, खरं काय ते कळेपर्यंत.

घरी जाऊन मी तात्यांच्या हातात माझा अंगठा दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. कडेची खूण अजून गेली नव्हती.

"नळी मोडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तशीच आहे. टाचणीनं वहीत लिहिलंय: डावी खिडकी, ताण काढलेला, काचबाईंनी, शनिवारी."

"तारीख लिहिली?"

"लिहिली," मी म्हणाले. "खाली मी सही केली."